दोनशे नव्वदचे आबासाहेब

पुण्याहून परतल्यावर पहिल्याच जेवणाला आबासाहेबांनी तुपाची वाटी ताटातून उचलली आणि पाल पडल्यासारखी लांब सरकवली.

"हे आजपासून घरात बंद," ते म्हणाले. "माझं कोलेस्टेरॉल दोनशे नव्वद निघालंय."

मथुराबाईंनी हा शब्द जन्मात पहिल्यांदा ऐकला. नवऱ्याच्या चेहऱ्यावरून हा आजार आहे की मानपान, तेही त्यांना कळेना. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना काढला तेव्हा आबासाहेबांचा चेहरा असाच फुलला होता.

"मंजी काय झालंय तुमाला?"

"रक्तात चरबी वाढलीय. हृदयाच्या नळ्या आतून बुजत जातात त्यानं. साध्या माणसाला होत नाही हे. डोक्याचं काम करणाऱ्याला होतं."

आबासाहेब कारखान्यात काय करतात ते मथुराबाईंनी पाहिलं होतं. खुर्चीत बसून ते कामगारांवर ओरडत. त्याला आवाज लागे. डोकं लागलेलं त्यांच्या पाहण्यात नव्हतं.

डॉक्टर नेमकं काय म्हणाले, ते त्यांना दुसऱ्या दिवशी कळलं. मथुराबाईंचा भाऊ धोंडीराम पुण्याला सोबत गेला होता. त्यानं सांगितलं की डॉक्टरांनी तीन गोष्टी बजावल्या होत्या. सिगारेट सोडा. रोज सकाळी तासभर चाला. आणि मटण, अंड्यातला बलक, थिजणारं तूप-तेल कमी करा. यातल्या पहिल्या दोन आबासाहेबांना स्वतः कराव्या लागल्या असत्या. तिसरी मात्र सगळ्या घराकडून करून घेता येत होती. म्हणून त्यांनी तिसरी निवडली आणि एकामागून एक सिगारेटी ओढत ती घरादाराला समजावून सांगितली.

आठवडाभरात स्वयंपाकघर ओस पडलं. अंडी गेली, मटण गेलं, शेंगाची चटणीसुद्धा गेली. मथुराबाईंच्या आईनं टेंभुर्णीहून पाठवलेला घरच्या तुपाचा डबा आबासाहेबांनी मोटारीत घातला आणि कारखान्यात कामगारांना वाटून टाकला.

"त्यांच्या नळ्या बुजल्या तर चालतंय व्हय?" मथुराबाईंनी विचारलं.

"त्यांना काही होत नाही. दिवसभर पायावर उभी असतात माणसं. जिरतं त्यांना."

आपण काय बोलून गेलो हे आबासाहेबांच्या लक्षात आलं नाही. ते खुर्चीतून उठून मोटारीत बसले आणि क्लबात पत्ते खेळायला निघून गेले.

तुपाच्या जागी वनस्पती तुपाचा मोठा डबा आला. त्यात पुऱ्या तळल्या जाऊ लागल्या, भजी निघू लागली, शंकरपाळ्यांचे डबे भरले.

"ह्ये तर दगडावानी थिजतंय की," मथुराबाई म्हणाल्या. "डाक्टर थिजणारं नगं म्हनले न्हवं?"

"वनस्पती आहे ते. झाडपाल्याचं. नाव तरी वाचत जा."

झाडपाल्याच्या एवढ्या पुऱ्या खाऊन कुणाचं रक्त पातळ झाल्याचं मथुराबाईंच्या ऐकिवात नव्हतं. पण आबासाहेबांना आता ऐकायचं नव्हतं, सांगायचं होतं. क्लबात ते दोनशे नव्वदचा आकडा असा सांगत, की ऐकणाऱ्याला तो मतांचा वाटावा. एका बँक मॅनेजरचं दोनशे दहा निघालं, तर त्याच्याकडे त्यांनी गरीब नातलगाकडे पाहावं तसं पाहिलं.

याच दिवसांत थोरल्या लेकीचं, मीनाचं, लग्न जमत आलं. मुलगा जालिंदर, सांगोल्याचा, शेतीखात्यात नोकरीला. त्याचे वडील कोंडीबा म्हणजे सत्तरीला टेकलेला काटक माणूस. बहात्तरच्या दुष्काळात त्यांनी मेंढरं घेऊन मुलूख पायाखाली घातला होता आणि कळप जगवून परत आणला होता. माणसं चांगली, खाऊनपिऊन सुखी. मुलगी पसंत होती. फक्त सुपारी फुटायची राहिली होती. त्यासाठी सगळी मंडळी सोलापूरला आली.

मथुराबाईंनी पुरणपोळी आणि वर तूप, एवढं तरी करू द्या म्हणून विनवलं. आबासाहेब बधले नाहीत. पाहुण्यांना पथ्य दिसावं म्हणून त्या दिवशी त्यांनी पुऱ्या-भजीही बंद ठेवली. पाहुण्यांच्या ताटात उकडलेला दुधी, कोरडी भाकरी आणि बिनफोडणीचं वरण पडलं. कोंडीबांनी दुधीकडे पाहिलं, मग बायकोकडे, गोजरबाईंकडे पाहिलं. कोरडी भाकरी पाहुण्याच्या पुढ्यात का आली, याचं कारण गोजरबाईही शोधत होत्या.

ते कारण आबासाहेबांनी जेवणभर सांगितलं. नळ्या कशा असतात, त्या कशा बुजतात, पुण्याचे डॉक्टर आकडा बघून कसे खुर्चीत सरसावून बसले. कोंडीबा मन लावून ऐकत होते.

"मंजी काळजाचं दुखणं म्हना की."

"तसंच म्हणायचं."

"आन् ह्ये बापाकडनं लेकराकडं जातंय व्हय?"

इतका हुशार प्रश्न क्लबातसुद्धा कुणी विचारला नव्हता. आबासाहेब खूश झाले. "जातं की. घराण्यातच असतं ते. आमचे वडील छातीत कळ येऊनच गेले. चुलतेही तसेच."

मथुराबाईंच्या हातातली वरणाची पळी तशीच राहिली. कोंडीबांनी ताटात हात धुतले, पंच्याला पुसले आणि टोपी नीट केली.

"इचार करून कळवितो," ते म्हणाले.

सुपारी तबकात होती तशी राहिली. पाहुण्यांची जीप गल्लीतून बाहेर पडली. मथुराबाईंनी दार लावून घेतलं.

"सवताच्या तोंडानं लेकीचं लगीन मोडलंसा. तुमचं रगात भारी म्हनून सांगत बसलासा, आन् त्येंनी पोरीचं रगात नासकं हाय म्हनून ऐकलं."

आबासाहेबांच्या हातातली सिगारेट जळत बोटापर्यंत आली. आतल्या खोलीत मीना रडत होती, ते ऐकू येत होतं. पहिल्यांदाच त्यांना आपला आकडा जड वाटला.

"मला काही झालेलं नाही," शेवटी ते म्हणाले. "चांगला ठणठणीत आहे मी. सांगोल्याला जाऊन दाखवतो."

रविवारी नवराबायको सांगोल्याला गेले. कोंडीबांच्या घरी बोकड पडला होता. आपण निरोगी आहोत हे सिद्ध करायचं म्हणून आबासाहेबांनी मटणावर हात मारला. रस्सा ओरपला, नळ्या फोडल्या, भाकरीवर तूप मागून घेतलं. वाढणाऱ्यांनी भांडं मागं घ्यावं तर त्यांचं ताट पुढं येई. मथुराबाई चुलीपाशी बसून हे सारं दारातून बघत होत्या. एवढ्या दिवसांचं पथ्य या माणसानं एका बैठकीत मोडलं होतं, तेही प्रकृती चांगली दिसावी म्हणून.

"जेवान चांगलं चाललं आबासाहेब," कोंडीबा म्हणाले. "आता कळपाकडं जाऊन यिऊ. ह्यो काय हितं, टेकाडाच्या पल्याड."

आबासाहेबांनी जीपकडे पाहिलं.

"गाडी न्हाय जात तितं," कोंडीबा म्हणाले आणि चालूही लागले.

पुरुषमाणसं गेल्यावर गोजरबाईंनी मथुराबाईंचं ताट वाढलं आणि समोर बसून सरळच विचारलं, "बाई, खरं सांगा. पोरीला काय न्हाय न्हवं?"

"तुमी गेल्यावर पोरीचंबी रगात तपासून घेतलं. काय न्हाय निगालं," मथुराबाई म्हणाल्या. "त्येंचं वाडलंय, त्ये खरं हाय. डाक्टरनं सिगारेट सोडा म्हनलं, रोज चाला म्हनलं. त्ये त्येंनी केलंच न्हाय. निसतं आमचं तूप बंद केलं. सासरं पन्नाशीच्या आतच गेलं. ह्येंची यंदा पन्नाशी भरतीय. मला भ्या वाटतंय. पन माझं कोन ऐकतंय घरात?"

गोजरबाईंनी रश्शाची पळी मथुराबाईंच्या ताटात रिती केली. "जेवा तुमी," त्या म्हणाल्या.

मंडळी परतली तेव्हा कोंडीबा पुढे होते आणि आबासाहेब एका गड्याच्या खांद्यावर हात टाकून मागून येत होते. तोंड टॉवेलसारखं पांढरं पडलं होतं, श्वास ओसरीपर्यंत ऐकू येत होता. ते बाजेवर आडवे झाले. गोजरबाईंनी पाण्याचा तांब्या नेऊन दिला आणि परत येताना नवऱ्याच्या कानाशी दोन वाक्यं बोलून आल्या.

कोंडीबांनी पान जमवलं. "आबासाहेब, पोरगी लाखात एक हाय. सोयरीक करू. पन मला याही जिता पायजे. लग्नापातूर रोज सकाळी चालायचं, आन् इडीकाडी बंद. जालिंदर दर मंगळवारी सोलापुरास येतोय. बगून जाईल."

"मंजूर," आबासाहेब म्हणाले. नाही म्हणायला लागणारा दम त्यांच्यात नव्हता. मथुराबाईंनी चुलीतली लाकडं उगाच मागं ओढली. हसू दिसू नये म्हणून.

पहिले काही दिवस आबासाहेबांनी तोफेच्या तोंडी दिल्यासारखे काढले. सिगारेटीवाचून घरावर खेकसत, चालून आले की कण्हत. पण महिना उलटता उलटता पायऱ्या चढताना धाप लागेनाशी झाली, आणि मग त्यांना चालण्याचा शोध लागला. हा शोध आपणच लावला, सांगोल्याच्या माळावर आपल्याला तो सुचला, असं ते क्लबात सांगू लागले. दुधी मागं पडला. आता बसणारी माणसं मरतात, असं नवं शास्त्र निघालं.

आणि एका पहाटे त्यांनी सगळ्या घराच्या अंगावरची पांघरुणं ओढली.

मथुराबाई नऊवारीवर कॅनव्हासचे बूट घालून अक्कलकोट रोडला लागल्या. मीना जांभया देत मागून येत होती. आबासाहेब पुढे हात हलवत चालले होते. पहिल्या पाळीला सायकलवरून निघालेल्या एका कामगाराला त्यांनी थांबवलं आणि सायकल हातात धरून चालण्याचे फायदे सांगितले. त्याचा भोंगा चुकला.

मग ते बायकोकडे वळले. "मागं राहू नका. तुमचं रक्त अजून तपासलेलं नाही. पुढच्या महिन्यात पुण्याला नेणार आहे तुम्हाला."

मथुराबाईंनी पदर कमरेला खोचला आणि झपाझप पावलं उचलली. बघता बघता त्या आबासाहेबांच्या पुढे गेल्या आणि पुढेच राहिल्या. तिथपर्यंत त्यांचं बोलणं ऐकू येत नव्हतं.