ऑर्विलची गाडी

डेल्मर क्वामने चौतीस वर्षं शाळेची बस चालवली. त्या चौतीस वर्षांत त्याच्या मानेमागे कोणी गायलं, कोणी ओकलं, कोणी बूट फेकून मारला, आणि एकदा तर कुणाच्या दप्तरातला जिवंत बेडूक त्याच्या कॉलरमध्ये उतरला. निवृत्त झाल्यावर त्याने गाव बदललं, हॅल्वर्सन लेकला दोन खोल्यांचं घर घेतलं आणि ठरवलं, की आता अशी गाडी घ्यायची जिच्यात आपल्या मागे कोणीही बसणार नाही.

दोन सीटची छोटी गाडी घेऊन हे काम भागलं असतं. पण डेल्मरला मागची सीट हवी होती, आणि ती रिकामी हवी होती. रिकामेपण दिसायलाही जागा लागते.

म्हणून तो लुसिल ब्रँडव्होल्ड यांच्या गॅरेजमध्ये उभा होता. लुसिलबाईंनी जुनी फुलाफुलांची चादर ओढली आणि खालून बदामी रंगाची १९८९ची कॅडिलॅक निघाली. लांबी अशी, की एका नजरेत मावेना. आत मरून रंगाची मखमल, आणि मागची सीट दिवाणखान्यातल्या सोफ्याएवढी. कुठे ओरखडा नाही, डाग नाही. डेल्मरने दार लावून पाहिलं. दार लागल्याचा आवाज आलाच नाही, फक्त बाहेरचे आवाज थांबले.

"ऑर्विल दर रविवारी पुसायचा हिला," लुसिलबाई म्हणाल्या. "माझा वाढदिवस दोनदा विसरला, पण हिचं ऑइल बदलायला कधी विसरला नाही. मार्चमध्ये गेला तो. मी गाडी चालवत नाही." मग त्यांनी डेल्मरकडे नीट पाहिलं. "तुमच्या आधी तिघं येऊन गेले. एकाला हिचं इंजिन काढून बोटीला लावायचं होतं. तुम्ही काय करणार हिचं?"

"काही नाही. हळू चालवणार."

"आणि बसणार कोण?"

"कोणी नाही."

लुसिलबाईंनी चादरीची घडी घातली. "बघा हं," म्हणाल्या, आणि किल्ली त्याच्या हातावर ठेवली.

तेरा दिवस डेल्मर सुखात होता. तळ्याभोवती तो ताशी तीस मैलांनी गाडी चालवायचा आणि मधूनमधून आरशात रिकाम्या सीटकडे पाहायचा. चौदाव्या दिवशी, मंगळवारी सकाळी, तो औषधाच्या दुकानासमोर थांबला होता. मागचं दार उघडलं. आधी काठी आत आली, मग पिशवी, मग शहाऐंशी वर्षांच्या आर्डिसबाई.

"ऑर्विल, आज केस सेट करायचेत," त्या बसता बसता म्हणाल्या. "आणि वळणावर जरा सावकाश घे रे."

दार लागलं. आता, मागे कोणी बसून दार लागलं की आपला पाय आपोआप ॲक्सिलरेटरवर जायचा, ही डेल्मरची चौतीस वर्षांची सवय. बोलायला तोंड उघडेपर्यंत गाडी रस्त्याला लागली होती. पहिल्या चौकात त्याच्या मनात आलं, या म्हाताऱ्या बाईला आता भर रस्त्यात सांगायचं, की ऑर्विल मेला? दुसऱ्या चौकात त्याने ठरवलं, की परत जाताना सांगू. परत जाताना आर्डिसबाईंनी त्याला मक्याच्या कणसांची पिशवी दिली. कणसं घेतल्यावर कुणाच्या मरणाची बातमी देणं त्याला जमलं नाही.

पुढच्या मंगळवारी त्या फुटपाथवर उभ्याच होत्या. त्याच्या पुढच्या मंगळवारी शेजारी व्हर्नाबाई होत्या.

"ऑर्विल मला पायाच्या डॉक्टरकडे सोडेल ना गं?" व्हर्नाबाईंनी विचारलं.

"न सोडायला काय झालं? कायम सोडत आलाय," आर्डिसबाई म्हणाल्या, आणि सरकून बसल्या.

ऑगस्ट संपता संपता इमोजेनबाई आल्या. सोफा भरला. तिघी मिळून चाळीस मुलांएवढं बोलायच्या, फक्त बूट फेकत नसत. शिवाय प्रश्न विचारायच्या. "ऑर्विल, गुडघा कसा आहे?" यावर डेल्मरने प्रामाणिकपणे दोन दिवस उजव्या पायाने लंगडून पाहिलं, तर व्हर्नाबाई म्हणाल्या, "डावा होता ना?"

त्या संध्याकाळी डेल्मरने लुसिलबाईंचं दार वाजवलं.

"तुमच्या नवऱ्याचा कुठला गुडघा दुखायचा?"

लुसिलबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "कॉफी घेता?" त्यांनी विचारलं.

त्याने सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी म्हणाल्या, "डावा. दर मंगळवारी न्यायचा तिघींना. मी तुम्हाला सांगायला हवं होतं. पण तुम्ही म्हणालात, कोणी बसणार नाही, तेव्हा मला बरं नाही वाटलं. गाडीसाठी."

"आता इमोजेनबाई रूबार्बच्या आंबट देठांचा केक देणार आहेत शुक्रवारी. आवडायचा का त्याला?"

"वास सहन व्हायचा नाही. पण चाळीस वर्षं खाल्ला."

तेव्हापासून डेल्मर दर सोमवारी संध्याकाळी कॉफीला जाऊ लागला. मंगळवारची तयारी, असं तो स्वतःला सांगे. ऑर्विल हसायचा कसा, सुनेबद्दल काय बोलायचा, बर्फाळ रस्त्यावर काय शिव्या द्यायचा, हे सगळं लुसिलबाई सांगत. सांगताना कधी हसत, कधी सिंककडे तोंड करून उगाच कप विसळत. एका सोमवारी ऑर्विलबद्दल एकही प्रश्न न विचारता दीड तास गेला, हे दोघांच्याही नंतर लक्षात आलं.

ऑक्टोबरात मात्र पंचाईत झाली. चर्चच्या हॉलमध्ये माशाचं वार्षिक जेवण होतं, सगळं गाव लोटणार होतं, आणि तिघींना गाडी हवी होती. दारातच कोणीतरी "काय डेल्मर" म्हणणार. मग आर्डिसबाईंना दोनशे माणसांत कळणार, की ऑर्विल नाही. त्या पडल्या-बिडल्या तर? डेल्मरला रात्रभर झोप लागली नाही. जेवणाच्या आदल्या दिवशी तो टोपी हातात धरून त्यांच्या दारात गेला.

"आर्डिसबाई, मी ऑर्विल नाही."

"माहीत आहे," आर्डिसबाई म्हणाल्या. "त्याच्या अंत्यविधीनंतरच्या जेवणाला बटाट्याचं सॅलड मीच केलं होतं. आत ये, वारं लागतंय."

डेल्मर आत जाऊन मिळेल त्या खुर्चीत बसला.

"पहिल्या दिवशी खरंच चुकले," त्या म्हणाल्या. "गाडी दिसली आणि हात आपोआप दाराला गेला. चौकात आरशात तुझे कान पाहिले. ऑर्विलचे असे नव्हते. पण तोवर मी तुला तीनदा ऑर्विल म्हटलं होतं आणि तू मुकाट गाडी हाकत होतास. मग कुठल्या तोंडाने सांगू?"

"पण नंतर?"

आर्डिसबाईंनी आवाज खाली आणला. "नंतर व्हर्ना बसली. तीही तुला ऑर्विल म्हणायला लागली. बिचारीच्या डोक्याचं आता काही खरं नाही रे. तिला कळू देऊ नकोस. मला वचन दे."

डेल्मरने वचन दिलं आणि तडक व्हर्नाबाईंकडे गेला. त्या लोकर गुंडाळत होत्या.

"ऑर्विल मेला, हे मला न कळायला काय झालं?" त्या म्हणाल्या. "आर्डिस तुला ऑर्विल म्हणते, म्हणून मी म्हणते. तिची नजर गेली, आता मनही चाललंय. आहे तेवढे दिवस सुखात राहू दे तिला. बोलू नकोस हं काही."

तिथेही वचन दिलं. इमोजेनबाईंनी दार अर्धवटच उघडलं आणि त्याने तोंड उघडायच्या आधीच कुजबुजल्या, "त्या दोघींचं बघतोस ना कसं झालंय? मी आपली त्यांच्या तालावर चालते. शहाणं कोणीतरी हवं ना गाडीत."

संध्याकाळी लुसिलबाईंच्या स्वयंपाकघरात हे ऐकून लुसिलबाई इतक्या हसल्या, की टेबलाला धरून उभ्या राहिल्या. हसता हसता डोळे पुसू लागल्या, आणि मग बराच वेळ पुसतच राहिल्या. डेल्मरने त्यांच्यासाठी कॉफी ओतली. कुठल्या फडताळात कप असतात, हे त्याला एव्हाना ठाऊक झालं होतं.

"मग उद्या?" त्यांनी विचारलं.

"तिघींना वचन दिलंय. गाडीत एकीलाही मी ऑर्विल वाटत नाही, आणि मला ऑर्विलच राहायला हवं."

दुसऱ्या दिवशी बदामी गाडी चर्चपुढे थांबली. डेल्मरने एकेकीला हात देऊन उतरवलं. हॉलच्या दारात तरुण पाद्री सगळ्यांचं स्वागत करत होता. पोरगेलासा, तिशी नुकतीच ओलांडलेला, आवाज मात्र भारी.

"या, या, डेल्मर," तो म्हणाला. पायऱ्यांवरच्या सगळ्यांना ऐकू गेलं.

तिघी जागच्या जागी थांबल्या. आर्डिसबाईंनी व्हर्नाबाईंकडे पाहिलं, व्हर्नाबाईंनी इमोजेनबाईंकडे.

"पाद्रीबुवा थकले बाई," आर्डिसबाई म्हणाल्या.

"हो ना. नावं आठवत नाहीत हल्ली त्यांना," व्हर्नाबाई म्हणाल्या.

"वाईट वाटतं. वागायला किती चांगले होते," असं म्हणून इमोजेनबाईंनी जाता जाता पाद्रीच्या दंडावर हळूच थोपटलं.

तिघी आत गेल्या. गोंधळलेल्या पाद्रीकडे पाहून डेल्मरने नुसती मान हलवली आणि तोही त्यांच्या मागोमाग शिरला. हॉल माशाच्या वासाने आणि माणसांनी गच्च भरला होता. खिडकीपाशी लुसिलबाई बसल्या होत्या. शेजारच्या खुर्चीवर त्यांनी आपला कोट ठेवून जागा धरली होती. डेल्मर जवळ आला, तसा त्यांनी कोट उचलून मांडीवर घेतला आणि फक्त त्यालाच ऐकू जाईल, इतक्या हळू म्हणाल्या,

"बस, डेल्मर. तुझी वाट बघत होते."