फ्रिजवरचे भस्मे

"फ्रिजवरचा चिक्कीचा खोका कुठं गेला?" अमृतने ओलं डोकं पुसता पुसता विचारलं.

"बाजीरावमामांना दिला," सारिका स्वयंपाकघरातून म्हणाली. "सकाळी तुम्ही झोपला होतात ना, तेव्हा आले होते. नवा इंद्रायणी तांदूळ घेऊन. एवढी मोठी पिशवी हो! रिकाम्या हाताने कसं पाठवायचं माणसाला?"

अमृतच्या हातातला टॉवेल गळून पडला. "अगं, त्यात चिक्की नव्हती!"

"मग काय होतं?"

"भस्मे!"

सारिका कणकेच्या हातांनी तशीच बाहेर आली. लग्न झाल्यापासून हा शब्द ती ऐकत आली होती, पण भस्म्यांचं बिऱ्हाड कालपासून चिक्कीच्या खोक्यात हललंय, हे तिला कोण सांगणार? "मला काय स्वप्न पडलं होतं? फ्रिजवरची चिक्की खायची नसते, द्यायची असते. तुमच्याच आईंनी शिकवलंय मला."

हे मात्र खरं होतं. लोणावळ्यातल्या माणसाला चिक्की खाताना कुणी पाहिलंय का? चिक्की खावी ती मुंबईच्या पाहुण्यांनी. इथल्या घरात ती येते कुणीतरी दिली म्हणून आणि जाते कुणाला तरी द्यायची म्हणून. मधल्या काळात फ्रिजवर बसते. खोका उघडला की तो पुढे देता येत नाही, म्हणून कुणी उघडतही नाही. एकेक खोका किती घरं फिरून आलाय ते त्या खोक्यालाच ठाऊक.

आता भस्मे म्हणजे काय ते आधी सांगायला हवं, नाहीतर पुढची पळापळ वाचून तुम्ही अमृतला वेड्यात काढाल. अमृत आणि गोरख दोघेही कार्ल्याचे, शाळेत एका बाकावरचे. अमृतचे वडील एका बंगल्यावर माळी होते. एका सुट्टीत तिथे मुंबईचा मुलगा आला आणि येताना एक खेळ घेऊन आला. हजारो वर्षांनंतरचा काळ, माणसांनी आकाशभर वसवलेले ग्रह आणि त्या ग्रहांवर तुटून पडणाऱ्या परक्या किड्यांच्या झुंडी. झुंड उतरली की झाडं, माणसं, माती, पाणी, सगळं फस्त करायची आणि पुढच्या ग्रहाकडे निघायची. बोटाएवढे रंगवलेले किडे नि सैनिक टेबलावर मांडायचे, फासे टाकायचे, लढायचं. सुट्टी संपली, मुलगा गेला आणि त्याच्याबरोबर खेळही गेला. इकडे या दोघांना जेवण गोड लागेना.

तोडगा काढला गोरखच्या आजीने, धोंडाबाईने. पावसाळाभर तिच्या चुलीवर ओढ्यातल्या काळ्या खेकड्यांचा रस्सा शिजायचा. "आरं, तुमच्या त्या राक्षसान्ला नांग्या हाईत, डोळं भाईर हाईत, मग ते खेकडंच की!" म्हातारी म्हणाली. झालं! तेव्हापासून त्या घरात खेकडा खायचा तो नांगी शाबूत ठेवून. कुणी दात लावला की ती खेकसायची, "फोडू नगं रं मुडद्या, पोरांची फौज हाय ती!" नांग्या नि पाठी उन्हात वाळवायच्या, डिंकाने जोडायच्या, पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावून उरलेला रंग त्यांना फासायचा. कितीही खाल्लं तरी भूक न भागणारी जात, म्हणून नाव पडलं भस्मे. त्यांच्या राणीसाठी सगळ्यात मोठी पाठ हवी होती, ती म्हातारीने आपल्या ताटातल्या खेकड्याची काढून दिली. म्हणून राणीचं नावही धोंडाबाईच ठेवलं. अख्खं जग खाणारी बाई आपल्या नावाची आहे, याचा म्हातारीला शेवटपर्यंत अभिमान होता.

पुढे गोरख नोकरीसाठी हैदराबादला गेला. जाताना म्हणाला, "भस्मे तुझ्याकडं ऱ्हाऊ दे गड्या. भाड्याच्या खोलीत कुटं ठिवू?" मग धोंडाबाई गेली आणि गोरखचं येणंही कमी कमी होत गेलं. परवा अचानक त्याचा फोन आला. "आमच्या धाकटीकडं, चंपाकडं येतोय पवनानगरला. संध्याकाळी तुझ्याकडं. पायलला आणतोय. ती म्हणती, बाबा थापा मारतात, खेकड्यांची कुटं फौज असती का? भस्मे हाईत न्हवं?"

"हायेत म्हणजे काय! डोळ्यांत तेल घालून जपलेत," अमृत छाती फुगवून म्हणाला होता.

माळ्यावरून काढले तर जुन्या खोक्याचा तळ ओल येऊन लिबलिबीत झालेला. म्हणून त्याने फ्रिजवरच्या चिक्कीचा खोका उघडला, चिक्की एका डब्यात ओतली, भस्मे कापसात निजवले, वरून चिकटपट्टी मारली आणि उंदीर नकोत म्हणून खोका परत फ्रिजवर ठेवला. मग रिसॉर्टच्या रिसेप्शनवर रात्रपाळी करून आला आणि सकाळी ढाराढूर झोपला. तेवढ्यात मामा आले आणि गेले.

दिलेली भेट फोनवरून परत मागता येत नाही. अमृतने बाईक काढली आणि कार्ला गाठलं.

बाजीरावमामा ओट्यावर बसले होते. गळ्यात माळ, कपाळाला गंध. सारिकाचे सख्खे मामा, त्यामुळे अमृतचा मान मोठा. "या जावईबापू, या! आगं, पानी आणा!"

"मामा, सकाळी सारिकाने चिक्की दिली ना..."

"व्हय व्हय! लय गोड!" मामांनी वाक्य पुरं होऊ दिलं नाही. "पोरांनी एका बैठकीत संपावली. म्या बी दोन तुकडं खाल्लं. दाताला जरा कडक लागली, पर चव लय भारी!"

"सगळी संपवली?"

"चुरा बी ठिवला न्हाई!"

"मामा, त्यात चिक्की नव्हती. खेकडे होते."

मामांचा हात आपोआप माळेवर गेला. "खेकडं?"

"वाळवलेले. रंगवलेले."

मामांच्या तोंडचं पाणी पळालं. एका बाजूला भाचजावयासमोर खोटं पडणं, दुसऱ्या बाजूला माळ. त्यांना फार वेळ लागला नाही. "जावई, त्यो खोका म्या उघाडलाबी न्हाई! माळंची आण! कामशेतचा श्रीपती जीपवाला भाताची पोती घेऊन आलता, त्याला दिला. दारातल्या दारात दिला. उंबऱ्याच्या आत बी आला न्हाई त्यो खोका!"

"मग चव लय भारी कशाला म्हणालात?"

"आसं म्हनायचं आस्तं, जावई," मामा खजील होऊन म्हणाले.

अमृत तडक कामशेतला गेला. पवनानगरच्या जीपा उभ्या राहतात तिथे श्रीपती बोनेटला टेकून प्रवासी भरायची वाट बघत होता. अमृत एव्हाना शहाणा झाला होता.

"श्रीपतीभाऊ, चिक्की गोड होती का ते सांगू नका. कुणाला दिली तेवढंच सांगा."

श्रीपतीने दोन्ही कानांना हात लावले. "कुणी चुगली केली? आता मला साखरंचा आजार, मी काय करू चिक्की घिऊन? धरणाकडंच्या तंबूवाल्या चंपाताईला दिली. तिच्याकडं पाव्हणा आलाय, भाऊ हाय म्हणं हैदराबादचा."

अमृतला रस्त्यातच बसावंसं वाटलं. अख्ख्या मावळात दुसरं घर नव्हतं का? खोका गोरखच्याच हातात पडणार होता. तो उघडणार, आणि त्याला कळणार की ज्याला विश्वासाने सांभाळायला दिलं, त्याने आजीच्या ताटातली राणी चिक्की समजून वाटून टाकली. चंपाला फोन करावा तर शेजारी गोरख बसलेला असणार. आता जाऊन पाया पडायचं, एवढाच मार्ग उरला होता. अमृतला रडू फुटायचं तेवढं बाकी राहिलं. त्याने बाईकला किक मारली.

धरणाच्या काठी चंपा पर्यटकांच्या तंबूंमधल्या गाद्या उन्हात टाकत होती. "आगं बाई, अमृतदादा! दादा आत्ताच गेला की तुमच्याकडं, दुधिवरे खिंडीतनं. तुमी कामशेतावरनं आलाव व्हय? चुकामूक झाली म्हणा."

"चंपाताई, श्रीपतीने चिक्की दिली होती..."

"लय गोड होती! पोरांनी एका बैठकीत..."

"चंपाताई!"

चंपा हसायला लागली. "बरं बाबा, न्हाई खाल्ली. दादाजवळ दिली, तुमच्या घरी न्यायला. रिकाम्या हातानं कसं पाठवायचं?"

"लोणावळ्याच्या माणसाला चिक्की पाठवलीस?"

"मग? आमच्याकडं कोण खातंय?"

अमृतला तिच्या पाया पडावंसं वाटलं. म्हणजे खोका बंदच होता! गोरखने उघडला नव्हता, आणि तो अमृतच्याच घरी निघाला होता. अमृत खिंडीच्या रस्त्याने शीळ घालत निघाला. खाली धरणाचं पाणी, वर तिकोना किल्ला, याच रस्त्यावर लहानपणी तो आणि गोरख एका सायकलवर डबलसीट भस्म्यांच्या लढाया ठरवत जायचे. गोरख नेहमी भस्म्यांकडून आणि अमृत नेहमी माणसांकडून, म्हणून अमृत नेहमी हरायचा. तेव्हा हरायचा राग यायचा, आता पुन्हा एकदा हरायला मिळावं असं वाटत होतं.

खिंड चढता चढता त्याला फ्रिज आठवला. शीळ थांबली. घरी आलेली चिक्की कुठे जाते? फ्रिजवर. आणि फ्रिजवरची चिक्की कुठे जाते?

त्याने फोन काढला. रेंज नव्हती. मग बाईक अशी पळवली की वळणावरची म्हैस स्वतःहून बाजूला झाली.

दारात गोरखची गाडी उभी होती. तिच्या शेजारी बाजीरावमामांची मोटारसायकल बघून अमृतने बाईक तशीच सोडून दिली. तो धावतच आत शिरला. मामा खुर्चीत मान टाकून पडले होते आणि सारिका त्यांच्या तोंडावर पाणी मारत होती. जमिनीवर गोरख मांडी घालून बसला होता, शेजारी त्याची पायल पोटावर पडली होती, आणि दोघांच्या मधोमध, लाल-हिरव्या नांग्या उगारून, सगळेच्या सगळे भस्मे उभे होते.

"मामा माफी मागायला आले होते," सारिका एका दमात सांगू लागली. "म्हणाले, पोरीनं प्रेमानं दिलेलं मी वाटून टाकलं. मी म्हटलं, राहू द्या हो. पण जाताना रिकाम्या हाताने कसं पाठवायचं? फ्रिजवर गोरखभाऊजींनी आणलेला खोका होता, तो दिला. तर मामा म्हणाले, ह्या बारीला न्हाई कुणाला देणार, हितंच सगळ्यांम्होरं खातो. आणि उघडला!"

"नांग्या पसरून वर आलं त्ये," मामा डोळे मिटूनच कण्हले.

गोरख उठला आणि त्याने अमृतला कडकडून मिठी मारली. केस पिकले होते, पोट सुटलं होतं, पण मिठी जुनीच होती. "काय डोकं लावलंस गड्या! चंपाच्या घरी फौज पोचवलीस, माज्याच हातानं हितं आणवलीस, न् उघडायला मामान्ला बसवलं! मला वाटलं, येवढ्या वर्षांत हरवली आसशील."

अमृतने तोंड उघडलं. खरं सांगावं की नाही? तेवढ्यात सारिका म्हणाली, "दोन दिवस याच तयारीत होते हो ते. मला सुद्धा पत्ता लागू दिला नाही." आणि तिने नवऱ्याकडे असं बघितलं, की पुढचं वर्षभर घरात तिचाच शब्द चालणार हे तिथल्या तिथे ठरून गेलं.

मग डाव मांडला. माणसांच्या साम्राज्यासाठी बाटल्यांची बुचं गोळा केली, फाशांऐवजी चिंचोके घेतले. पायल माणसांकडून, अमृत तिच्या मदतीला. दोघेही दणकून हरले. मामा आधी भिंतीला पाठ लावून लांब बसले होते, पण तिसरा ग्रह फस्त झाल्यावर त्यांना राहवेना. माळ सदऱ्याच्या आत सारून ते पुढे सरकले आणि चिंचोके टाकायला लागले. शेवटी गोरखने राणी उचलून तळहातावर धरली. "ही बघ पायल, ही माज्या आजीच्या ताटातली." पायलने हळूच एका बोटाने राणीच्या पाठीवरून हात फिरवला. अमृत उगाच पंख्याकडे बघत बसला.

निघताना गोरखने भस्मे पुन्हा कापसात निजवले आणि खोका अमृतच्या हातात दिला. "तुझ्याकडंच ऱ्हाऊ दे. फौज नेली तर यायचं निमित्त काय उरंल?" मग जवळ येऊन हळूच म्हणाला, "आन चंपाचा फोन आलता मघाशी. तोंडाला फेस येऊस्तवर धावत गेलतास म्हणं तितं."

अमृतने मान खाली घातली. "गोरख, अरे..."

"गप. माज्या आजीपायी सगळं मावळ पालथं घातलंस. आनखी काय पायजे मला?"

सारिका सवयीने फ्रिजकडे वळली. फ्रिजवरची जागा रिकामी होती. तिने अमृतकडे पाहिलं आणि अमृत बाजारात पळाला. अर्धा जन्म लोणावळ्यात गेला, पण चिक्की विकत घ्यायची वेळ त्याच्यावर पहिल्यांदाच आली होती. कुठली घ्यायची हेच कळेना. त्याचा गोंधळ बघून दुकानदाराने विचारलं, "मुंबईहून का?"

दोन दिवसांनी गोरखचा फोन आला. नीट पोचल्याचं सांगून झालं, पायल शाळेत सगळ्यांना भस्म्यांचे फोटो दाखवते हे सांगून झालं.

"आणि चिक्की?" अमृतने विचारलं.

"लय गोड!" गोरख म्हणाला. "पायलनं एका बैठकीत संपवली. दाताला जरा कडक लागली, पर चव लय भारी!"

मागून पायलचा आवाज आला, "बाबा, ती तर तुम्ही शेजारच्या काकूंना..." आणि गोरखने घाईघाईने फोनवर हात ठेवला.

अमृत पोट धरून हसला. हैदराबादला घर केलं, गाडी घेतली, पण गडी अजून मावळचाच होता. त्याला इतकं भरून आलं की फोन ठेवल्यावर तो स्वयंपाकघरात गेला, ओतून ठेवलेल्या चिक्कीचा डबा काढला आणि कधी नव्हे तो एक तुकडा तोंडात टाकला. दाताला जरा कडक लागली. पण चव खरंच लय भारी होती.