बन्सीधरच्या हॉटेलातील विश्वबंधुत्व

सर्व मानव समान आहेत, हे सत्य जगाला कधी ना कधी मान्य करावेच लागेल. पालमजवळच्या बोरखळीने ते १९७४ सालीच मान्य केले, आणि तेही एकमताने. (विरोध करणारे दोघे त्या दिवशी सोनपेठला लग्नाला गेले होते.)

या कामासाठी गावात विश्वबंधुत्व मंडळ निघाले. अध्यक्ष दत्तराव, गावातले मोठे शेतकरी. सभा बन्सीधरच्या हॉटेलात, कारण जगाचा विचार चहाशिवाय पुढे सरकत नाही. चिटणीस नागनाथ गुरुजी. अक्षर छापल्यासारखे, आणि इंग्रजी येणारे गावात ते एकटेच. गुरुजी बौद्धवाड्यातले, म्हणून हॉटेलाबाहेरच्या दगडावर बसून कामकाज लिहीत. (बाहेर उजेडही बरा पडे.) त्यांचा कप बाहेरच्या भिंतीवर खिळ्याला असे. बन्सीधर त्यात वरून चहा ओती. पिऊन झाला की गुरुजी तो स्वतः विसळून परत अडकवीत. कप आतल्यांसारखाच पांढरा. फरक काय तो खिळ्याचा. गुरुजींना सगळे अहोजाहो करीत, यावरून मंडळाचा दर्जा लक्षात यावा.

पहिल्याच सभेत दक्षिण आफ्रिकेचा विषय निघाला. तिथे काळ्या माणसाला गोऱ्यांच्या बाकड्यावर बसू देत नाहीत, हे ऐकून दत्तराव बसल्या बाकड्यावरून उठले.

"माणसानं माणसाला बसू देऊ न्हाई? ह्येंला लाज कशी वाटंना! लिहा गुरुजी, तीव्र निषेध!"

गुरुजींनी दगडावर बसून तीव्र निषेध लिहिला. मग म्हणाले, "अध्यक्ष, सभेपुरतं आत बसावं म्हणतो. इथं पाठ लय धरती."

"बसा की! आमचं काय न्हाई," दत्तराव म्हणाले. "पर आधी आफ्रिकेचं मिटू द्या, गुरुजी. एकदम दोन कामं काढली की दोन्ही अर्धवट राहत्यात."

हा युक्तिवाद कोणालाही खोडता आला नाही. आफ्रिका तशी लांब होती.

पुढे परभणीच्या कृषी विद्यापीठात ज्वारी पाहायला आलेला एक परदेशी पाहुणा बोरखळीला भेट देणार असे ठरले. (कोणत्या देशाचा, हे मंडळाला अखेरपर्यंत कळले नाही, मैत्री मात्र त्या देशाशी झाली.) प्रश्न कपाचा आला.

"त्यो काय काय खातो कुणाला ठावं!" बन्सीधर म्हणाला. "आतल्या कपात दिला तर उद्या गिऱ्हाईक त्या कपाला शिवायचं न्हाई. बाहेरच्यात द्यावा, तर पाहुणा हाय."

मंडळाने गुलाबाच्या फुलांचा एक स्वतंत्र कप आणवला आणि त्याला स्वतंत्र खिळा ठोकला. आता हॉटेलात तीन प्रकारचे कप झाले: आतले, बाहेरचा आणि आंतरराष्ट्रीय. एवढी व्यवस्था मोठमोठ्या राष्ट्रांतही नसावी.

पाहुणा आला तो सरळ गुरुजींच्या शेजारी दगडावर बसला, कारण बोलायला तेवढेच होते. नाइलाजाने सारे मंडळ हार घेऊन बाहेर आले आणि चहाही बाहेरच झाला. नंतर गुरुजी आपला कप विसळायला उठले. पाहुण्याने ते पाहिले, ही गावाची रीत असावी असे समजला, आणि विनयाने सगळ्यांचेच कप गोळा करून एका बादलीत धुतले. गुरुजींच्या हातातलाही घेतला. त्याला अडवायला इंग्रजी लागत होते, आणि इंग्रजी येणारे गुरुजी त्या वेळी आभाळाकडे पाहत होते.

पाहुण्याची जीप गेली. टोपलीत सारखे पांढरे अठरा कप. कोणता आतला, कोणता बाहेरचा, हे खुद्द बन्सीधरला सांगता येईना. त्या दिवशी बोरखळीत संपूर्ण समानता प्रस्थापित झाली, आणि चहा बंद पडला.

"आता कप एकच झाले," गुरुजी दगडावरून म्हणाले. "तर येऊ का आत?"

दत्तरावांनी टोपलीकडे बोट केले. म्हणाले, "तुमच्याविषयी काय न्हाई हो, गुरुजी. पर आधी ह्या कपांचं काय करावं?"

तातडीच्या सभेत ठराव झाला: सर्व अठरा कप, आणि पाहुण्याने उष्टावलेला फुलांचाही, राष्ट्राराष्ट्रांतील सहकार्याची आठवण म्हणून बाहेरच्या भिंतीवर लावावेत, आत वापरायला परभणीहून नवे आणावेत. ठराव लिहिला गुरुजींनीच.

खिळे ठोकता ठोकता बन्सीधर म्हणाला, "बघा गुरुजी, पहिलं तुमाला एक कप होता. आता भिंतभर झाले!"

"व्हय की," गुरुजी म्हणाले. "दगड मातर एकच हाय. आफ्रिकेला म्हणावं, जरा लवकर करा."

ठरावाच्या प्रती सर्व राष्ट्रांकडे रवाना झाल्या आहेत. बोरखळीला कोणी हसले तर मंडळाची हरकत नाही. वाचकांना फक्त एक लहानशी विनंती आहे. जरा उठून स्वयंपाकघरात जावे आणि आपल्याकडे भांडी घासायला येणाऱ्या बाईंचा कप घेऊन यावा. तो कोणता, हे कोणाला विचारावे लागणार नाही. आजचा चहा त्यात घ्यावा.

साखर आपापल्या आवडीप्रमाणे.