संगीत हडळावती

हौसाक्कांच्या खाणावळीत रस्सा दुसऱ्यांदा हवा असेल तर नुसतं ‘वाढा’ म्हणून चालत नसे. ‘वन्समोअर!’ म्हणून ओरडावं लागे, आणि तेही हडळीचं पद संपल्यावर. पद चालू असताना वाटी पुढं केली की आक्का पळी उगारत. “गप बस. गाऊ दे तिला.”

हडळ म्हणजे हौसाक्कांच्या खेळातली. त्या काळी ‘संगीत कुसुमावती’ नावाच्या नाटकानं कोल्हापूरला वेड लावलं होतं. न्हाव्यापासून मास्तरांपर्यंत जो तो त्यातली पदं गुणगुणायचा. हौसाक्कांनी त्याचंच ‘संगीत हडळावती’ केलं होतं. रोज संध्याकाळी चुलीपुढं बसून, भाकरी थापता थापता त्या एकेक भाग सांगत, आणि ऐन मोक्यावर “ऱ्हायलेलं उद्या. ताटं उचला,” म्हणून थांबत. पुढं दूरदर्शनवर मालिका आल्या तेव्हा लोकांना केवढं अप्रूप वाटलं. आम्हाला नाही वाटलं.

मूळ नाटकातली राजकन्या बागेत झोपाळ्यावर बसून राजाला आळवते. आक्कांची हडळ पंचगंगेकाठच्या स्मशानात चिंचेच्या फांदीवर बसे. तिचे पाय उलटे. त्यामुळं राजाकडं धावत सुटली की ती राजापासून लांबच जायची. मग तिथूनच पद म्हणायची. आक्का ते पद तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारख्या आवाजात म्हणत, आणि आम्ही ओरडायचो, “वन्समोअर!”

आक्का हडळीला म्हणत, “म्हण गं भवाने, परत म्हण. घसा फाटंपतोर म्हण.”

राजाचं काम एसटीतल्या बाबालाल कंडक्टरकडं. त्याचं मुंडकं कायम काखेत. मला मुंजा केलं होतं. पिंपळावर बसून ‘राजे आले’ एवढंच सांगायचं.

तरी मी तक्रार केली नाही. नववीतून शाळा सोडून चंदगडहून आलो, तेव्हा पावसानं ट्रंकेतले कपडेसुद्धा भिजलेले. शाहूपुरीत मोटारीच्या सामानाच्या दुकानात नोकरी लागेल अशी नुसती आशा. खाणावळीच्या दारात उभा राहून मी नाव, गाव सांगायला लागलो, तर आक्का म्हणाल्या, “नाव पळून जातंय काय? आधी जेव.” पुढं एकदा मला ताप आला. आक्कांनी मऊ भात केला, आणि त्या आठवड्याच्या खेळात मुंज्यालासुद्धा काढा प्यावा लागला.

माझं दुखणं वेगळंच होतं. त्या खेळात सगळे मेलेले. एकटा पेटीवाला तेवढा जिवंत. हडळीच्या मागं बसून तो पेटी वाजवायचा, आणि जिवंत असल्यामुळं त्याला भूक लागायची. म्हणून आक्का रोज पहिली भाकरी तुपात माखून त्याच्या नावानं टोपलीत वेगळी ठेवत. सकाळी ती गाईला जाई. समोर कोरडी भाकरी मोडताना मला त्या न पाहिलेल्या माणसाचा फार हेवा वाटायचा.

एकदा मी म्हणालो, “आक्का, पेटीवाल्यालाबी मारून टाका की.”

चुलीपुढचा हात थांबला. “त्याला न्हाय मारायचं,” त्या म्हणाल्या आणि त्या दिवशी खेळ तिथंच संपला.

बाहेर आल्यावर बाबालालनं माझा कान धरला. “खुळ्या, पेटीवालं म्हंजे आक्काचं मालक, नवरा! त्या कुसुमावतीच्या नाटक कंपनीत हाय. तिथल्या नटीच्या गाण्यामागं पेटीवर बोटं फिरवत गेला, त्यो परत आलाच न्हाय.”

काही महिन्यांनी गावात फलक लागले. ‘कुसुमावती’ येणार, रविवारी दुपारचा खेळ. आक्कांनी हडळावती बंद केली. मुकाट भाकऱ्या पडायच्या. मला धास्ती लागली. पेटीवाला दिसला आणि या कुलूप लावून त्याच्यामागं निघून गेल्या, तर मी कुणाच्या दारात उभा राहायचं?

रविवारी आक्का ठेवणीतलं लुगडं नेसून म्हणाल्या, “चला. मीबी येतो. बघू तरी, काय सोनं लागलंय तिला.”

त्या बायकांच्या बाजूला बसल्या, मी आणि बाबालाल मागं. पडदा वर गेला. झोपाळ्यावरची नटी पिकत चालली होती, रंगाखालून डोळ्यांची काळी वर्तुळं दिसत होती. पुढं पेटीवर एक पांढऱ्या केसांचा वाळका माणूस. याच्या तुपाचा मी हेवा करत होतो! पद वर चढलं आणि बाईंचा आवाज मधेच फाटला. पेटीवाल्यानं सुटलेला सूर पेटीवर उचलून धरला, तिला सावरत खाली आणलं. तरी मागून शिट्या सुरू झाल्या. कुणीतरी कोंबडा आरवल्याचा आवाज काढला. बाई पदराचं टोक चिवडत उभ्या राहिल्या.

मी आक्कांकडं पाहिलं. म्हटलं, आज यांचा सण.

हौसाक्का उठून उभ्या राहिल्या.

“वन्समोअर!”

थिएटर गप्प झालं. पेटीवाल्यानं मान वर केली. त्यानं तो आवाज ओळखला असावा, कारण भात्यावरचा हात तसाच राहिला. नटीनं बायकांच्या बाजूला वळून हात जोडले आणि पद पुन्हा सुरू केलं. या खेपेला सूर लागला की नाही, देव जाणे. मला गाण्यातलं कळत नाही. शिट्टी मात्र एकही वाजली नाही.

बाहेर बाबालाल म्हणाला, “आक्का, आत जाऊन भेटून या की.”

“आन् रस्सा कोण ठेवणार? तुझा बा?”

संध्याकाळी खेळ पुन्हा सुरू झाला. मी भीत भीत विचारलं, “आक्का, घसा फाटंपतोर गाऊ दे म्हणत होता की तिला?”

“फाटलाय की रं त्यो. आता मी आनी काय फाडू?”

“आन् पेटीवालं?”

“वाजवतंय. कुणीतरी सूर धराय नको व्हय तिचा?”

मग त्यांनी हडळीचे पाय सरळ करून टाकले. हडळ चिंचेवरून उतरली, राजाकडं धावली आणि पोचली. बाबालालनं काखेतलं मुंडकं मानेवर बसवलं. वन्समोअर म्हणायचं कुणालाच सुचलं नाही. हौसाक्का उठल्या आणि न विचारता सगळ्यांच्या वाट्या भरत गेल्या. माझ्यापाशी येऊन त्यांनी टोपलीतली तुपाची भाकरी काढली आणि माझ्या ताटात टाकली.

“खा मुंज्या. गाईला काय, उद्याबी मिळंल.”