माडीवरच्या खाटा

धाकट्या लेकीचं लग्न झालं त्या वर्षी काकूंनी माडीवरची रिकामी खोली समुद्रावर येणाऱ्या पाहुण्यांना भाड्याने द्यायला सुरुवात केली. खिडकी उघडली की समोर वाळू आणि पाणी. घर जुनं, पण काकूंचा सारा जीव त्यात.

पहिले पाहुणे दोघं पुरुष, साठीला टेकलेले. एक उंच, निवृत्त मास्तर. दुसरा ठेंगणा, घड्याळजी. बालमित्र असणार, असं काकूंनी ठरवून टाकलं आणि दोन भिंतींना दोन खाटा लावून दिल्या.

सकाळी दोघं पोहायला गेल्यावर काकू झाडायला वर गेल्या, तर दोन्ही खाटा खोलीच्या मधोमध, एकमेकींना चिकटलेल्या. काकूंनी त्या ओढून जागेवर नेल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. काकू जिन्यातच बसल्या.

"अहो, घर खचतंय."

"कुणी सांगितलं?" काकांनी खालूनच विचारलं.

"खाटांनी. दोन्ही मध्ये घसरतात. जमीन मधोमध दबलीय. खाली सगळी वाळूच ना."

काकांनी खाटांच्या पायांना विटांचा अडसर लावला. सकाळी खाटा मध्ये आणि विटा कोपऱ्यात नीट रचलेल्या.

"बघा, विटांनाही दाद देत नाही."

"पण विटा रचल्या कुणी?"

"पाहुणे सभ्य आहेत हो. पसारा आवरला असेल."

मग गवंडी आला. त्याने जमिनीवर गोटी ठेवली. गोटी जागची हलली नाही. गवंडी बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला.

"हे जास्त वाईट," तो म्हणाला. "म्हणजे आतून खचतंय. माडी उतरवावी लागेल."

आधी पाहुण्यांना सावध करायचं, असं काकूंनी ठरवलं. संध्याकाळी त्या जड पावलांनी वर गेल्या, तर दोघांच्या पिशव्या भरून तयार.

"तुम्हाला कळलं तर," काकू म्हणाल्या.

"रोजच कळत होतं, काकू," मास्तर म्हणाले. "तुम्ही तोंडाने बोलला नाहीत, हा तुमचा चांगुलपणा. पण विटा लावल्यात, तेव्हा म्हटलं आता निघावं."

"अहो, मग जिवावर उदार होऊन राहिलात कशाला इतके दिवस?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "जिवावर?"

"घर खचतंय ना. खाटा घसरतात रोज."

घड्याळजींनी हसू दाबायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही. "काकू, खाटा घसरत नाहीत. आम्ही ओढतो. आम्ही जोडपं आहोत. लांब झोपायची सवय राहिली नाही आता."

मास्तरांनी पिशवी खांद्याला अडकवली.

"म्हणजे घर शाबूत आहे?" काकूंनी विचारलं.

"ठणठणीत."

"मग आधी बोलायला काय झालं होतं? त्या मेल्याने माझी माडी उतरवली असती." काकू जिन्याकडे वळल्या. "अहो, हातोडी आणा. खिळे पण आणा, आणि एक फळी. खाटा जोडायच्यात."

त्यानंतर खोली कधी रिकामी राहिली नाही. दोघांनी आपल्यासारख्या मित्रमैत्रिणींना सांगितलं, त्यांनी आणखी कुणाला. दोघी बायका येत, दोघे पुरुष येत, आणि काकू वर जाताना मुद्दाम जिन्यात खोकत. घर आतून खचतंय, असं गवंडी मात्र अजून सांगतो.

मास्तर आणि घड्याळजी दरवर्षी येत. धाकटीची मुलगी शाळेत जायला लागली, त्या वर्षी घड्याळजी एकटेच आले.

"फळी काढून एक खाट बाजूला करू का?" काकांनी हळूच विचारलं.

"राहू दे," काकू म्हणाल्या आणि दोन उशा घेऊन वर गेल्या.

मास्तर त्याआधीच्या थंडीत, झोपेत गेले होते.