तीन झाकणं रसायन

इंदापूर तालुक्यात विज्ञान नेमकं केव्हा आलं, हे मी तारखेसह सांगू शकतो. ११ जानेवारी १९९५, सकाळी सव्वानऊ, माझ्या सासऱ्यांच्या गुऱ्हाळावर. आणलं मी.

मी साखर कारखान्यात केमिस्ट. आमच्याकडे पाक फार चिकट झाला की त्यात एक रसायन थोडंसं टाकतात. चिकटपणा उतरतो, फेस बसतो, उष्णता सरळ आत शिरते. त्याची एक बाटली मी आदल्या दुपारी सासूबाईंच्या, म्हणजे साखरबाईंच्या, हाती दिली आणि जपून ठेवायला सांगितलं.

बारामतीच्या प्रदर्शनात गुळाचा पहिला नंबर तीन वर्षं शेजारचा गेणबा नेत होता. सासऱ्यांचा, ज्ञानूआबांचा, ऊस संपलेला. एक काहील, म्हणजे रस उकळायची मोठी कढई, भरेल एवढाच रस उरला होता.

"जावईबापू, ह्ये बिघडलं तर दुसरं न्हाय," आबा म्हणाले.

"बिघडलं तर पुन्हा गुऱ्हाळावर पाय ठेवणार नाही."

"म्हंजी बिघडलं तरी फायदाच हाय," गूळ शिजवणारा गुळव्या महिपती म्हणाला.

रस उकळला, फेस चढला. महिपतीचा हात सवयीनं एरंडेलाच्या वाटीकडे गेला. चमचाभर टाकलं की फेस बसतो, एवढंच त्याचं शास्त्र. मी हात धरला.

"थांबा. फेस म्हणजे रसावरची गोधडी. आधी तिचा अभ्यास करू."

"पावणं, गोधडी चुलवाणात चालली."

फेस काठावरून जाळात उतरला. आबांनी डोळे मिटले. मी बाटली उघडली. रसायन जरा दाट वाटलं, पण थंडीत द्रव दाट होतात, हे मी महिपतीला समजावून सांगितलं. तो जाळाकडे बघत होता. मग तीन झाकणं ओतली.

फेस सरपंच आल्यासारखा खाली बसला. काहील नेहमीपेक्षा अर्धा तास आधी उतरली. मी घड्याळ सगळ्यांना दाखवलं, दोनदा. ढेप अशी पिवळी की शेजारी ठेवलेली हळद आजारी दिसावी.

बारामतीत पहिला नंबर आमचा! आबांनी माईकपुढं मला ढकललं. पृष्ठताण, चिकटपणा आणि उष्णतावहन यांवर मी बारा मिनिटं बोललो. गेणबा वहीत लिहून घेत होता. ढेपेशेजारी मी बाटलीही मांडली होती. भाषण संपल्यावर त्यानं ती उघडून हुंगली.

"ह्ये एरंडेल हाय."

"व्हय," सासूबाई म्हणाल्या. "जावयाच्या औषधाला साबणावानी फेस येत हुता. बाटली दिली त्याच सांजच्याला मी त्यानं काहील घासली. बुडाचं करपल्यालं समदं निघालं. बाटली चांगली हुती, टाकायची कशाला? एरंडेल भरलं."

आबांनी टोपी नीट केली. महिपती खोकला.

गेणबानं माझ्या भाषणाची दोन पानं शांतपणे खोडली आणि खाली लिहिलं, 'काहील घासणे'.

पुढच्या वर्षी पहिला नंबर गेणबाचा आला.