सतरा सह्यांचा पंचनामा

“आवो, एक डाव म्हना ना त्याले, राह्य म्हना!”

ग्यानबाची बायको भागिरथा हे बोलली त्याला पंधरा वर्षं झाली. रिठदच्या थांब्यावर यष्टी घरघरत उभी होती, लेक अश्वजित मुंबईला सरकारी नोकरीवर रुजू व्हायला निघाला होता, आणि ग्यानबाच्या तोंडाला जे कुलूप बसलं ते बसलंच. त्याने लेकाची बॅग वरच्या फळीवर चढवली, घसा खाकरला आणि म्हणाला, “तिकीट सांभाळ.” बस्स! बापाच्या निरोपाचा सगळा माल एवढाच! भागिरथाने त्यावर ओवीच रचली. तूर निवडता निवडता मुद्दाम त्याला ऐकू जाईल अशी म्हणायची :

दारी उभी यष्टी गं बाई, लेक माहा चढे,
बाप म्हने तिकीट सांभाळ, डोळा आत रडे.

दोन वर्षांपूर्वी भागिरथा गेली. ओवी तेवढी घरात राहिली.

आणि आठ महिन्यांमागे अचानक अश्वजित दारात उभा! दोन बॅगा, एक लॅपटॉप. “बाबा, ऑफिसनं घरूनच काम करायला सांगितलं.”

ग्यानबाने एक शब्द विचारला नाही. आयतं आलेलं सुख कशाला उलटून पाहायचं? तव्यावर दोनाच्या जागी पाच भाकरी पडू लागल्या, एवढाच काय तो आनंदोत्सव.

पण सुखाला दृष्ट लागायला गावात फय्याजचं पंक्चरचं दुकान होतंच. एक दिवस फय्याज मोबाइल वाचून म्हणाला, “काका, सरकारी मानसाले जागेच्या भावानं पगार हाय म्हनते. मुंबईत बसला तं घरभाडं दांडगं, खेड्यात बसला तं चिल्लर. अन् मुंबईचं घेऊन खेड्यात बसलेला सापडला, तं नोकरीच गेली!”

ग्यानबाचं काळीज टबात बुडवलेल्या ट्यूबसारखं बुडबुडे सोडू लागलं. म्हणजे पोरगा चोरून बसला होता! आपल्यापायी! लेकाला विचारायची सोय नव्हती, कारण विचारलं तर बोलावं लागलं असतं. मग त्याने गल्लीलाच सांगून टाकलं, “येऊ द्या कोन्ता साहेब येते तं! सत्तर पावसाळे पाह्यले म्या. असं उत्तर देईन, का साहेब सोताच्या घराचा पत्ता इसरून जाईन!”

गल्लीला शिकवायची गरजच नव्हती. तिचा नियम आजोबापणजोबांपासूनचा : फाइलवाला आला, की तो ज्याचं नाव घेईल तो माणूस गावात नसतो!

गुरुवारी फाइलवाला आला.

मोटरसायकलवरून उतरलेला तो माणूस वाशीमच्या कुठल्याशा कचेरीतला, हरीओम नावाचा, अंगाने काडी आणि आवाजाने मवाळ. त्या वेळी अश्वजित आतल्या खोलीत कानाला हेडफोन लावून मीटिंगमध्ये बसला होता. ग्यानबाने फाइल पाहिली मात्र, उडी मारून खोलीची कडी बाहेरून लावली आणि दारासमोर बाज आडवी टाकून वर बसला.

“जयभीम काका. अश्वजित ग्यानबा इथंच राहतात ना?”

“कोन? अश्वजित? तो तं मुंबईले राह्यते!”

“नाही, मी सांगतो काय काम हाय ते—”

“काम-बिम काई नाही! तो इथं नाहीच तं कामाचं काय करता?”

हरीओमने इकडेतिकडे पाहिलं. “या चपला कोनाच्या?”

“माह्या!” ग्यानबाने पाय घातला. दहा नंबरच्या चपलेत त्याचा पाय डबक्यातल्या बेडकीसारखा डुबला.

“अन् दाराखालून ही वायर?”

“टीवीची.”

“टीवी कुठं हाय?”

“तोही मुंबईले!”

“काका, नीट सांगा, तुमी घाबरून राह्यले का?”

“म्या कायले घाबरू? इचारा गल्लीले!”

विचारायची खोटी, गल्ली आलेलीच होती! सगळ्यात पुढे फय्याजची माय ताजबी, बांगड्यांची टोपली डोक्यावर घेऊन. “अश्वजित? या अल्ला! त्याचं तोंडबी इसरली मी. दाढी हाय का मिशी हाय, काई याद नाही!” सकाळीच तिने त्याला शेवयांची वाटी नेऊन दिली होती.

“मंग पंचनामा करावा लागीन,” हरीओम हताश होऊन म्हणाला. “दोन पंच पाह्यजे.”

दोन? गल्लीच्या इज्जतीचा प्रश्न! सतरा जणांनी सह्या ठोकल्या. ताजबीने अंगठा दोनदा उठवला, एक सोतासाठी अन् एक वाशीमला गेलेल्या सुनेसाठी.

“काका, शेवटचं,” हरीओमने पेन उघडं ठेवून विचारलं, “तो कधीच येत नाही गावाले?”

आता खोटं भरघोस बोलायचं होतं. ग्यानबाने तोंड उघडलं, आणि आतून भलतंच आलं.

“नाही येत, साहेब. सुगीले नाही, सनाले नाही. त्याची माय गेली तवा आला, पाच दिवस राह्यला, सहाव्या दिवशी गेला. सुटी नव्हती त्याले. म्या काई म्हनलं नाही. घरात मीच बोलतो, मीच आयकतो. कवा कवा भुलून दोन ताटं वाढतो, मंग एक उचलून ठेवतो.”

 ठरलेल्या खोट्यात हे कुणी ठरवलं नव्हतं. ताजबीने ओढणीने डोळे पुसले. हरीओमने मान खाली घालून लिहिलं.

आणि आत, हेडफोन गळ्यात उतरवून दार ठोठावायला उचललेला अश्वजितचा हात तसाच खाली आला. हेडफोनमधून साहेब विचारत होते, “अश्वजित, आवाज येतोय का?” आवाज येत होता. सगळा येत होता.

मोटरसायकल वळणाआड गेली, तेव्हा ग्यानबाने कडी काढली. कुस्ती मारून आल्यासारखा चेहरा!

“गेला! तुही नोकरी वाचवली म्या!”

अश्वजित खाटेवर बसून होता. “बाबा, तो मले पकडाले नाही आला. मी इथं राहतो का नाही, हे पाहाले आला होता.”

“म्हंजे?”

“ऑफिसात नेम हाय. घरी म्हातारं मानूस एकटं असन, तं गावातून काम करता येते. मुंबईचं घरभाडं सोडाचं, खेड्याचं घ्याचं. म्या लिहून देलं होतं. फक्त मी खरंच इथं राहतो, एवढा कागद पाह्यजे होता. आता लिहून गेलं, राहत नाही. मले मुंबईले हजर व्हा लागीन.”

ग्यानबा बाजेवर बसला. “मंग सांगितलं काहून नाही?”

“तुमी म्हनले असते, एवढा शिकवला अन् खेड्याच्या भावात बसला.”

म्हणाला असता. नक्की म्हणाला असता!

पाच मिनिटांत फय्याजची गाडी फाट्याकडे उधळली. फय्याज पुढे, ग्यानबा मध्ये, अश्वजित मागे अर्धा हवेत. हरीओम फाट्यावर चहा पीत होता.

“साहेब, फाडा तो कागद! हा पाहा अश्वजित! जित्ता! इथंच राह्यते!”

हरीओमने अश्वजितकडे पाहिलं, मग त्याच्या पायांकडे. दहा नंबरच्या चपला बरोबर बसल्या होत्या.

“काका, हे मोबाइलवर भरा लागते. तुमच्या गावात माह्या मोबाइलले रेंज नव्हती. इथं आली, म्या बटन दाबलं.”

“मंग वापस बोलवा!”

“गेलेलं वापस येत नाही, काका.”

हे ग्यानबाला कुणी शिकवायला नको होतं.

“नवा अर्ज, नवी चौकशी,” हरीओम हळूच म्हणाला. “सहा महिने तं धराच.”

सोमवारी थांब्यावर यष्टी घरघरत उभी राहिली. सगळी गल्ली आली होती. फय्याजने नवा कागद आणला होता, ‘अश्वजित इथेच राहतो’, आणि त्यावर सतराच्या सतरा सह्या होत्या. ज्याच्याबद्दल तो कागद होता, तो खिडकीपाशी बॅग घेऊन बसला होता!

ग्यानबा आत चढला. बॅग उचलली, वरच्या फळीवर ठेवली, आणि घसा खाकरला.

“तिकीट...”

“हाय बाबा, खिशात.”

“काका, उतरता का तुमचंबी तिकीट फाडू?” कंडक्टर ओरडला. घंटीची दोरी त्याच्या हातात होती. कुठल्याशा सीटवर एक बाई हसली.

ग्यानबा उतरला नाही. फळीचा दांडा धरून तो तसाच उभा राहिला. सत्तर पावसाळे पाहिलेला माणूस, पण पहिल्या इयत्तेतल्या पोरासारखा दांडा सोडेना. कुठून तरी तूर निवडल्याचा आवाज आला, सुपात दाणे सरकल्यासारखा. त्याने लेकाच्या डोक्यावर हात ठेवला. पंधरा वर्षं उशिरा, आणि नेमकी घंटी वाजल्यावर, ते कुलूप निघालं.

“राह्य ना रे, बाबू. मले करमत नाही तुह्याबिगर.”